ऊस तुटल्यावर परसाला आडोसा कशाचा?



गळीत हंगाम सुरू झाला की आपण सगळे तोडीची पाळी, चिटबॉय आणि वजनकाटा यांच्याकडे डोळे लावून बसतो. ते साहजिकच आहे. वर्ष-दीड वर्ष सांभाळलेले पीक वेळेवर काट्यावर गेले म्हणजे जीव भांड्यात पडतो. पण घराला लागून असलेला फड तुटतो, गाड्या भरून निघतात, वाढे गोठ्यात पडतात, त्याच दिवशी घरामागे आणखी एक गोष्ट घडते आणि तिची नोंद कुणाच्याच वहीत होत नाही. परसातली भाजी उघडी पडते.

परसाला आडोसा होता तो उसाचाच. दहा-बारा फुटी उभा ऊस, पश्चिमेला असो की दक्षिणेला, त्याच्या पोटाशी असलेली वांगी, मिरच्या, घेवडा, दोन-चार झेंडू हे सारे सुखात असते. तोडणीवाल्यांचा कोयता फिरला की दोन दिवसांत तो आडोसा नाहीसा. मग फेब्रुवारीपासून कोरडा वारा, चैत्र-वैशाखात धुरळा आणि भाजून काढणारी झळ, त्यात एखादा वळीव, आणि ज्येष्ठ लागला की पश्चिमेचा वारा दिवसभर घोंघावत असतो. तेव्हा खोडवा जेमतेम कमरेला आलेला. म्हणजे वारा जास्तीत जास्त असतो तेव्हा आडोसा कमीत कमी, अशी आपल्या शेतीची रीतच होऊन बसली आहे. घरातली बाई दोन वेळा पाणी घालते, संध्याकाळी पाने पुन्हा मान टाकून बसलेली. शेवटी ती कंटाळते. तीन-चार एकरांचा बागायतदार आठवड्याच्या बाजारातून पिशवीभर भेंडी-दोडका विकत आणतो आणि वर म्हणतो, आमच्या रानात भाजी येतच नाही!

येत नाही कशी? पाणी आहे, शेणखत आहे, जमीन तर आहेच. नाही तो वाऱ्याचा बंदोबस्त. आमचे म्हणणे सरळ आहे. परसाच्या वाऱ्याकडच्या अंगाला वेलींची एक ताटी कायमची उभी करावी. पत्रा नको, भिंत नको, ताटी. (मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द आपल्या घराघरात आहे, वस्तू मात्र घरातून गेली.)

ही गोष्ट आम्हांस नीट उमजली ती ऊस नसलेल्या मुलुखात. आपल्या भागातली बरीच पोरे आज भिवंडीला गोदामांत आणि मालवाहतुकीत कामाला आहेत. त्यांच्या निमित्ताने आमच्यापैकी काहीजणांचे गेल्या पावसाळ्यात तिकडे जाणे झाले. भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण तालुका मोठा आहे. खाली खाडीच्या अंगाला खारबाव, वर वज्रेश्वरी, गणेशपुरी, अंबाडी, पूर्वेला पडघा. मूळ पीक भाताचे. भात निघाल्यावर ओलीवर वाल, आणि जिथे पाणी आहे तिथे काकडी, भेंडी, कारली. मुंबईचा बाजार जवळ असल्याने भाजीला गिऱ्हाईक घराशी. पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी पट आणि तो येतो तोच वाऱ्यावर बसून. नैर्ऋत्येचा वारा खाडीवरून सरळ आत घुसतो, त्याला अडवायला मध्ये काही नाही.

अशा ठिकाणी जुन्या घरांच्या परसात पावसाळ्याच्या तोंडाला बांबूच्या कामट्यांची किंवा काटक्यांची उभी ताटी बांधलेली दिसते आणि तिच्यावर शिराळी, पडवळ, काकडी, कारली असे वेल चढवलेले असतात. शिराळी म्हणजे आपला दोडका. आम्ही आधी समजलो की ही फक्त वेल चढवायची सोय. एका घरच्या आजींनी आमचे अज्ञान दूर केले. वेल काय, मांडवावरही चढतो, म्हणाल्या; ताटी आहे ती आतल्या मिरचीसाठी आणि अळवासाठी. ताटीच्या आत गेल्यावर खरोखरच फरक कळत होता. बाहेर छत्री उलटी होत होती आणि आत मिरचीचे झाड नुसते डोलत होते.

त्याच गावाच्या वेशीवर दुसरे चित्र. वळ, पूर्णा, मानकोली, दापोडे या बाजूला शेतांची गोदामे झाली आणि आता ती लाट पुढे सरकते आहे. गोदामाला सरळ उंच पत्र्याचे कुंपण. अशा एका कुंपणाच्या आडोशाला, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, कुणीतरी वांगी लावलेली होती. आम्हांस वाटले, नशीबवान आहे, केवढी मोठी भिंत मिळाली! जवळ जाऊन पाहिले तर कुंपणापासून थोडे अंतर सोडून पुढची झाडे एका बाजूला नव्हे, चारही बाजूंना लोळलेली. पाने फाटलेली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्याकडेही आता जुने पत्रे उभे करून आडोसा करण्याची टूम निघाली आहे. वारा हा पाटाच्या पाण्यासारखा आहे. पाटात आडवी फळी घातली तर पाणी थांबत नाही, ते फळीवरून उडी मारते आणि पलीकडे भोवरा करून माती उकरते. भरीव भिंतीवरून वारा तसाच उडी मारतो आणि पलीकडे गरगरत खाली पडतो. ताटीतून मात्र निम्मा वारा आरपार जातो आणि निम्मा वरून. आरपार गेलेला वारा कामट्या-पानांत घासून मंदावलेला असतो आणि वरून येणाऱ्याला तो खाली कोसळू देत नाही. म्हणून शास्त्र असे सांगते की आडोसा साधारण निम्मा भरीव, निम्मा विरळ असावा. अशा आडोशाचा उपयोग त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत जाणवतो. त्यातही जवळचे पाच पट अंतर सर्वांत सुखाचे. सहा फुटी ताटी असेल तर तीस फुटांपर्यंत चांगला आणि साठ फुटांपर्यंत बेताचा आडोसा. आपल्या परसाला आणखी किती हवा? आणि वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याचा जोर निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. झाड मोडते ते जोराने.

जोर हा एक भाग झाला. वाऱ्याने पानातले पाणी उडते, म्हणून दोन वेळा घातलेले पाणी पुरत नाही. आणि फळ धरण्याचा प्रश्न वेगळाच. काकडी, कारली, दोडका, दुधी यांचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. परागकण इकडून तिकडे नेणारी माशी जोराच्या वाऱ्यात फिरत नाही. दोडक्याचे आणि दुधीचे फूल तर संध्याकाळी उमलते आणि आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात संध्याकाळचा वारा कसा असतो ते सांगायला नको. वेल फुलांनी भरलेला, पण कळी पिवळी पडून गळते, ही तक्रार आम्ही कितीतरी घरी ऐकली. दर वेळी औषध कोणते मारू असे विचारले जाते. औषध काय मारणार!

वारा अडवणे ही काही भिवंडीची मक्तेदारी नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या खोऱ्यात मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तिथले भाजीवाले सायप्रसच्या रांगा आणि बोरूच्या काड्यांच्या ताट्या लावून वाफे राखतात. अमेरिकेत १९३० नंतरच्या दुष्काळात वाऱ्याने शेतेच्या शेते उडून गेली, तेव्हा १९३४ ते १९४२ या काळात तिथल्या सरकारने मधल्या राज्यांत सुमारे २२ कोटी झाडांचे पट्टे लावले. लांब कशाला जायचे? मिरज तालुक्यात आरग, बेडग, नरवाडच्या पानमळ्यांत डोकावून पाहा. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांच्यावर वेल चढवायचे आणि मळ्याच्या कडा दाट राखायच्या, हे तिथल्या माळ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. नागवेलीला वारा लागला की पान फाटते आणि फाटक्या पानाला कोण पैसे देणार? पैसा होता म्हणून ती विद्या टिकली. परसातल्या भाजीला भाव नाही, ती घरात खाल्ली जाते, म्हणून तिच्या आडोशाचा विचार आपण केला नाही. आमच्या मते यात घरच्या बायकांच्या कष्टाला आपण देत असलेली किंमतही दिसते. ज्या कामाचे बिल निघत नाही ते काम आपल्याला काम वाटत नाही.

आता ताटी करायची कशी ते सांगतो.

पहिल्यांदा दिशा. आपल्याकडे मुख्य त्रास पश्चिम आणि नैर्ऋत्येचा, तेव्हा ताटी दक्षिणोत्तर, परसाच्या पश्चिम कडेला. दक्षिणेकडचे टोक सहा-सात फूट आत वळवावे, म्हणजे वारा टोकावरून वळसा घेऊन शिरत नाही. वळीव कुठूनही येतो, त्याला इलाज नाही. ताटीच्या मध्ये येण्याजाण्याची वाट ठेवू नये. फटीतून वारा आणखी वेगाने घुसतो. बोळात उभे राहिलेल्याला हे सांगायला नको. वाट हवीच असेल तर टोकाला.

दुसरे, बांधाचे भान. ताटी बांधावर रोवू नका. बांधापासून तीन-चार फूट आत, आपल्या हद्दीत. वेल शेजाऱ्याच्या उसात गेला, सावली पडली, म्हणून भांडण नको. बांधावरून आपल्याकडे आधीच पुरेशी डोकी फुटतात.

खांब सहा-सहा फुटांवर, आठ फूट लांबीचे, त्यातले दोन फूट जमिनीत. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावले तर वाळवी लवकर धरत नाही. दोन्ही टोकांच्या खांबांना तिरके ताण द्यावेत. इथे पुष्कळजण कंजुषी करतात आणि मग आषाढात भरलेली ताटी आडवी होते. नुसत्या कामट्यांवर वारा फार लागत नाही, पण पाने, फळे आणि पावसाचे पाणी धरून उभी असलेली ताटी म्हणजे शीडच असते. खांबांना आडव्या तीन-चार ओळी बांबूच्या किंवा तारेच्या बांधाव्या, त्यावर उभ्या कामट्या वीतभर अंतराने. विरळ-दाटीचा अंदाज घ्यायला सोपी खूण अशी की वेल भरल्यावर सकाळी ताटीची सावली बघावी. निम्मी सावली, निम्मे कवडसे असले की झाले. अगदी काळी सावली पडू लागली तर पाने विरळ करावीत.

मांडव आणि ताटी यांत घोटाळा करू नये. मांडव आडवा, तो फळे धरायला उत्तम, पण त्याच्या खालून वारा मोकळा जातो. ताटीचेही पाय उघडे राहण्याची खोड असते. वेलाला वर जाण्याची घाई, तो शेंड्याला गर्दी करतो आणि खालचे दोन फूट नागडे. म्हणून वेल कमरेएवढा झाला की शेंडा खुडावा, बगलफुटवे आडवे बांधावेत. पायथ्याला गवती चहा, अळू, हळद, नाहीतर मायाळूचा वेल लावावा. गवती चहा आम्हांस विशेष पसंत आहे. तो खालचा वाराही अडवतो आणि सकाळच्या कपातही पडतो.

वेल कोणते? एक तरी बारमाही पाहिजे, नाहीतर ताटी ऐन गरजेला रिकामी. तोंडली त्याला सर्वांत चांगली. बी लागत नाही, जाडसर वेलीचे छाट लावले की येते, वर्षानुवर्षे टिकते, थंडीत छाटली की उन्हाळ्यात पुन्हा फुटते. तिच्या जोडीला ऋतूप्रमाणे दोडका, कारली, पडवळ, श्रावणघेवडा नव्हे तर उंच चढणारा वालघेवडा, अबई. देवपूजेसाठी गोकर्ण, जाई, जुई एखाद्या खांबाला द्यावी. मधुमालती आणि बोगनवेल दिसायला झकास, पण त्या ताटीवर स्वार होतात. सहा फुटी बांबूच्या ताटीचे ते काम नव्हे.

आणि एक गोष्ट विसरू नका. कोवळ्या वेलालाच आडोसा लागतो. त्यामुळे पहिले दोन महिने ताटीवर वाढ्यांचा किंवा पाचटाचा विरळ पडदा बांधावा. भिवंडीकडेही वेल चढेपर्यंत झावळ्या खोचलेल्या दिसतात त्या याचसाठी. वेल भरला की पडदा काढून गोठ्यात टाकावा.

बाजारात हिरवी जाळी मिळते, ती लावली तर काय, असे तरुण सभासद विचारतील. निम्मा वारा सोडणारी जाळी आडोसा म्हणून वाईट नाही, हे आम्ही मान्य करतो. पण उन्हाने ती काही वर्षांत विरते, चिंध्या रानभर होतात आणि तिला तोंडली लागत नाहीत.

जागेचा हिशेब करू. साठ फूट लांब आणि चार फूट रुंद पट्टा म्हणजे २४० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे पाव गुंठ्याच्या आतच. एकरी ४० टन ऊस पिकवणाऱ्याचा गुंठ्याला एक टन, तर या पट्ट्यात पाव टनाहूनही कमी. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली आहे. त्या दराने पाव टनाचे ८८७ रुपये होतात, तेही तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधी. एका कुटुंबाची वर्षाची भाजी यापेक्षा स्वस्तात मिळत असेल तर त्या बाजाराचा पत्ता आम्हांस जरूर कळवावा.

साप येतात, ही तक्रार खोटी नाही. ताटी दाराला चिकटून नको, पायथ्याला पालापाचोळा साठू देऊ नये, रात्री बॅटरीशिवाय हात घालू नये. आणि वादळाचेही खोटे आश्वासन आम्ही देत नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा उभ्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा झोपल्या. तिथे ताटीची काय कथा! ताटी आहे ती रोजच्या वाऱ्यासाठी.

आता थोडे कडू बोलतो. ताटी वाऱ्याने पडेल याची आम्हांस फार भीती वाटत नाही. भीती वाटते ती आपलीच, म्हणजे ऊस पिकवणाऱ्यांची. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी आपण २,४-डी हे तणनाशक सर्रास मारतो. उसाला त्याचा त्रास होत नाही, पण दोडका, काकडी, घेवडा, टोमॅटो, द्राक्ष यांना त्याचा नुसता वास पुरतो. दुपारच्या उन्हात, वाऱ्यावर फवारा मारला की थेंब उडत जाऊन शेजारच्या परसात पडतात. त्यातला इस्टर प्रकार तर वाफ होऊनही जातो. चार दिवसांत वेलाचे शेंडे पीळ घालतात, पाने वाटीसारखी वळतात. घरची बाई समजते रोग पडला. आणि ताटी वाऱ्याच्या तोंडाला असल्याने पहिला घाव तिच्यावरच. नेहमी शेजाऱ्याचाच दोष असतो असेही नाही, पुष्कळदा तो पंप घरच्याच माणसाच्या पाठीवर असतो.

तेव्हा फवारणी सकाळी वारा पडलेला असताना करावी, नोझलला हूड लावावे, वारा घराकडे असेल त्या दिवशी पंप खांद्यावर घेऊच नये. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. धुतला असे म्हणून त्याच पंपाने भाजीवर फवारू नये. आणि पाचट जाळायचे सोडा. जाळू नका म्हणून शेतकी खाते वर्षानुवर्षे सांगते आहे, ते जमिनीसाठी. आम्ही आणखी एक कारण देतो. वाऱ्यावर गेलेली एक ठिणगी वाळक्या कामट्यांच्या ताटीला पुरते आणि ताटीच्या मागे गोठा असतो.

संचालक मंडळाकडे आमची मागणी मोठी नाही. कारखाना सभासदांना बेणे देतो, खते-औषधे उधारीवर देतो, ती बिलातून वळती होतात. त्याच यादीत बांबूच्या चार मोळ्या बसवायला हरकत नसावी. तणनाशक देताना पावतीवर, परसाच्या दिशेने वारा असता फवारू नये, एवढी एक ओळ छापावी. रोपवाटिकेच्या एका कोपऱ्यात तोंडलीची मातृवेल लावली तर छाटांना पैसाही पडणार नाही. येत्या वार्षिक सभेत हा विषय ऐनवेळच्या विषयांत ढकलू नये, पत्रिकेवर घ्यावा, आणि त्यावर पहिल्यांदा महिला सभासदांना बोलू द्यावे. नावावर भाग असूनही सभेला न येणाऱ्या आमच्या भगिनी पुष्कळ आहेत. निदान या विषयाला त्यांनी यावे आणि भावांनी, यजमानांनी त्यांना गाडीत जागा द्यावी.

ज्यांचा घरालगतचा फड या हंगामात तुटणार आहे त्यांनी मात्र सभेची वाट पाहू नये. तोडीची चिठ्ठी हातात आली की त्याच आठवड्यात खांबांचे खड्डे घ्यावेत, कारण त्यानंतर रान मोकळे आणि जमीन थोडी ओली असते. फेब्रुवारीत तोंडलीचे छाट लावले, न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी तिकडे वळवले, तर मृगाच्या आधी वेल ताटीच्या माथ्याला येतो.